कधी आलात? कागद दाखवा

व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १८८७ मध्ये मुंबई इलाख्यात मानपत्रांची चढाओढ लागली होती. त्या गडबडीत मुंबई आणि साष्टी बेटांतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी एक काम उरकून घेतले. यापुढे आपण ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. तोवर सरकारदरबारी आणि लोकांच्या तोंडी त्यांची ओळख ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ अशी होती. एके काळी ती चालून गेली असती. पण आता गोव्याहून कामधंद्यासाठी येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि त्यांनाही हेच नाव होते. फरक एवढाच की गोंयकार खरोखरच पोर्तुगालच्या राजाची प्रजा होते आणि साष्टीचे हे शेतकरी, कोळी, आगरी ब्रिटिश राणीची. सरकारी नोकरीच्या रांगेत उभे राहिल्यावर हा फरक फार मोठा ठरत असे. मग ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात आपले आजे-पणजे पहिल्यांदा नोकरीला लागले, तिचेच नाव त्यांनी स्वतःला लावून घेतले. त्याच नावाने ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ही उभी राहिली.

आजचे वाकोला हा त्याच साष्टीचा तुकडा. पश्चिमेला द्रुतगती महामार्ग, पूर्वेला जुने कोळे-कल्याण म्हणजे आजचे कलिना, उत्तरेला विमानतळ, आणि मिठी नदीला जाऊन मिळणारा वाकोला नाला. भातशेती कधीच गेली. सेंट अँथनी चर्चच्या आसपास ईस्ट इंडियन आहेत, गोंयकार आहेत, मंगळूरकर आहेत. कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठी, उत्तर भारतीय, मुसलमान, दक्षिणी अशी सगळी भर पुढच्या शंभर वर्षांतली. १९५० मध्ये हा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. या दीड-दोन चौरस मैलांत ‘तू इथला आहेस का’ हा प्रश्न इतक्या वेळा, इतक्या तऱ्हांनी आणि इतक्या निरनिराळ्या सरकारांकडून विचारला गेला आहे, की नागरिकत्वाच्या परीक्षांवर जगभर चाललेल्या चर्चेत वाकोल्याला साक्षीला बोलवायला हरकत नाही. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांत नव्या नागरिकाला प्रश्नपत्रिका देतात. ते प्रश्न बरोबर आहेत का, यावर तिकडे समित्या बसतात. आपल्याकडे प्रश्नपत्रिका नाही. म्हणून परीक्षाही नाही, असे मात्र कुणी समजू नये.

साष्टीवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ च्या वसईच्या तहापासून सुरू झाला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी त्यांच्या हाती आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. म्हणजे वाकोल्याच्या गावठाणातली कुटुंबे जवळजवळ दोनशे वर्षे पोर्तुगालची प्रजा होती. धर्म, आडनावे, देवळासमोरचे क्रूस, लग्नातले पदार्थ हे सगळे त्या दोनशे वर्षांचे देणे. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे राहिला. त्यानंतर भारत सरकारने १९६२ मध्ये आदेश काढला: २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला, किंवा ज्याचे आईबाप वा आजी-आजोबा तिथे जन्मले आहेत असा प्रत्येकजण भारताचा नागरिक, ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. परीक्षा नाही, शपथ नाही, एक तारीख आणि एक महिना.

पोर्तुगालने आपल्या बाजूने दुसरा हिशोब ठेवला. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याला तो देश आजही आपला मानतो. त्याने जन्माची नोंद लिस्बनच्या दफ्तरी चढवून घ्यावी, म्हणजे तो पोर्तुगीज. त्याच्या मुलांनाही ती वाट मोकळी आहे. नातवंडांसाठी दार अरुंद होते, तिथे पोर्तुगीज भाषा येण्याची अपेक्षा येते. दुहेरी नागरिकत्व भारतात चालत नाही, त्यामुळे तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा परत द्यावा लागतो. तरीही हजारो गोंयकारांनी तो घेतला आणि बरेचजण लिस्बनला पाऊलही न ठेवता इंग्लंडमध्ये स्विंडनला किंवा साउथॉलला जाऊन राहिले, कारण तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होते.

आता एकाच गल्लीत शेजारी राहणारी दोन घरे घ्या. आडनावे सारखी, चर्च एक, दोन्ही घरांच्या भिंतीवर तीच मूर्ती. एका घरातले आजोबा गोव्यात म्हापशाकडे जन्मले. त्यांची मुले युरोपचे नागरिक होऊ शकतात. दुसरे घर ईस्ट इंडियन, वाकोल्यातच पिढ्यान्‌पिढ्या. पोर्तुगालशी त्यांचे नाते दोनशे वर्षांचे असले तरी ते सव्वादोनशे वर्षे लवकर तुटले. १८८७ मध्ये ज्या नावामुळे साहेबाची नोकरी मिळणे सोपे झाले, त्याच्याच मागचा इतिहास आता पासपोर्टच्या आड येतो. पोर्तुगीज किती येते, तिथले फादो गाणे कधी ऐकले आहे का, हे पहिल्या घराला कुणी विचारत नाही आणि दुसऱ्याने सांगून उपयोग नाही.

स्विंडनला गेलेल्या त्या पहिल्या घरातल्या मुलाला पुढे ब्रिटिश नागरिक व्हायचे असेल तर मात्र खरीखुरी प्रश्नपत्रिका समोर येते. ‘लाइफ इन द यूके’ नावाची ही चाचणी २००५ पासून घेतली जाते: २४ प्रश्न, ४५ मिनिटे, १८ बरोबर आले पाहिजेत. त्यासाठी सरकारी पुस्तक पाठ करायचे. २०१३ मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि थॉम ब्रूक्स या प्राध्यापकाने तिची यथेच्छ खरडपट्टी काढली. ब्रूक्स मूळ अमेरिकन. ब्रिटिश होण्यासाठी ही परीक्षा त्याने स्वतः दिली होती, त्यामुळे त्याच्या टीकेत परीक्षार्थीचा अनुभव होता. पुस्तकात ‘लंडन आय’ या पाळण्याची उंची फुटांत आणि मीटरांत दिली होती. लंडनमधले पहिले करी-हाउस कुणी काढले तेही होते. ते १८१० मध्ये साके दीन महोमेत या पाटण्याच्या माणसाने काढले होते, म्हणजे भारतीयाला निदान एक गुण घरबसल्या. पण पोलीस आणि अॅम्ब्युलन्स कोणत्या नंबरवर बोलवायची, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवायचे, या गोष्टी नव्या आवृत्तीतून गळाल्या होत्या. पुढे लॉर्ड्स सभागृहाच्या समित्यांनीही परीक्षेवर ताशेरे ओढले. एडिसन आणि न्यू जर्सीच्या इतर गावांतल्या मराठी घरांत अमेरिकेच्या परीक्षेची तयारी चालते, ती त्या मानाने सरळ आहे. प्रश्न आणि उत्तरे आधीच छापून दिलेली. बरीच वर्षे शंभरांतले दहा विचारत आणि सहा आले की झाले. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांतले वीस आणि किमान बारा बरोबर. राज्यघटनेत किती दुरुस्त्या झाल्या, तुमचा प्रतिनिधी कोण, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात. अमेरिकेत जन्मलेल्यांपैकी किती जण हा पेपर सोडवू शकतील, अशी थट्टा दर निवडणुकीला होते.

या परीक्षांचा उगम शोधत मागे गेले की आपण पुन्हा मुंबईलाच येऊन पोचतो, आणि तेही प्लेगच्या वर्षात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. व्हिएगस जन्माने गोव्याचे, हडफड्याचे. ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ या शिक्क्याखालचे ते सर्वांत नामांकित मुंबईकर म्हणायला हवेत. पुढे ते महापालिकेचे अध्यक्षही झाले. साष्टीच्या गावठाणांत त्या साथीच्या वेळी उभारलेले क्रूस अजून दिसतात. त्याच साथीच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या अखेरीस, ‘कूरलंड’ आणि ‘नादेरी’ या दोन आगबोटी मुंबईहून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीकडे निघाल्या. कूरलंडवर बॅरिस्टर मोहनदास गांधी, कस्तुरबा आणि मुले होती. दोन्ही बोटींवर मिळून सुमारे आठशे माणसे. डरबनला पोचल्यावर मुंबईतल्या प्लेगचे निमित्त करून त्यांना १३ जानेवारी १८९७ पर्यंत बंदरात रोखून धरले. किनाऱ्यावर गोऱ्यांचा जमाव ‘परत जा’ म्हणून ओरडत होता. गांधी उतरले तेव्हा त्यांना मारहाण झाली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने काय केले, हे सहसा सांगितले जात नाही. त्यांनी कायदा केला की वसाहतीत येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. हिंदी माणूस असा शब्द त्यात कुठेही नव्हता. लंडनच्या सरकारला उघड वर्णभेद नको होता आणि नाताळला हिंदी मजूर-व्यापारी नको होते. दोघांचेही समाधान एका लेखी परीक्षेने झाले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी ती इतर वसाहतींना नमुना म्हणून सुचवली.

ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये ती उचलली. तिथे ५० शब्दांचा उतारा अधिकारी वाचून दाखवी आणि आगंतुकाने तो लिहून घ्यायचा, कोणत्याही युरोपीय भाषेत. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार. इंग्रजी उत्तम येणाऱ्याला नापास करायचे तर दुसरी भाषा काढायची. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला त्यांनी स्कॉटलंडची गेलिक भाषा दिली, कारण बाकीच्या बऱ्याच त्याला येत होत्या. त्यावर न्यायालयात सरकारची नाचक्की झाली. १९५८ मध्ये ही श्रुतलेखनाची परीक्षा बंद झाली. मुंबईतून सुटलेल्या दोन बोटींच्या धास्तीने जन्मलेला हा प्रकार साठ वर्षे चालला.

अमेरिकेत त्या काळी भाषेपेक्षा सोपा प्रश्न होता: तुम्ही गोरे आहात का? १७९० च्या कायद्याने नागरिकत्व ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांपुरते ठेवले होते. १९०९ मध्ये मुंबईचा एक पारशी व्यापारी, भिकाजी बलसारा, न्यूयॉर्कच्या न्यायालयासमोर उभा राहिला. न्यायाधीशाने त्याला नागरिकत्व दिले, पण सरकारने अपील करून या मुद्द्याचा निकाल लावून घ्यावा असेही सुचवले. १९१० मध्ये वरच्या न्यायालयाने पारशांना गोऱ्यांत धरले. १९१४ मध्ये सखाराम गणेश पंडित या नावाचा हिंदी गृहस्थ कॅलिफोर्नियात नागरिक झाला, पुढे वकील झाला आणि भगतसिंग थिंड या दुसऱ्या हिंदी माणसाचा नागरिकत्वाचा खटला त्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९२३ मध्ये थिंड हरले. हिंदी माणूस गोरा नाही, असा निकाल लागला. त्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि त्यात पंडितांवरही दावा ठोकला. पंडित स्वतःसाठी उभे राहिले. न्यायालयाने एकदा दिलेला निर्णय सरकार आता मागे घेऊ शकत नाही आणि त्या निर्णयावर विसंबून आपण वकिली, घर, संसार उभा केला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायलाच नकार दिला. या प्रकरणातला शहाणपणाचा प्रश्न पंडितांनीच मांडला होता: हा माणूस इथे इतकी वर्षे कसा राहिला, काय केले? हिंदी लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व कायद्याने मिळू लागले ते १९४६ मध्ये.

भारताची राज्यघटना लिहिली जात असताना नवा नागरिक कोण, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हताच. १० ऑगस्ट १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाची कलमे घटना समितीपुढे ठेवली तेव्हा मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या एखाद्याच कलमाने दिली असेल, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दुसऱ्या दिवशी अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख कडाडले. या कलमांमुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबईत काही तास थांबलेल्या परदेशी जोडप्याला मूल झाले तर ते भारतीय कसे, असे उदाहरण त्यांनी दिले. सांताक्रूझचा विमानतळ तेव्हा नागरी वाहतुकीला नुकताच खुला झाला होता, वाकोल्याच्या अगदी कुंपणाला लागून. तरी पंजाबरावांची भीती अवाजवी होती, कारण कलम ५ मध्ये इथे कायम वास्तव्याचा हेतू असण्याची अट आहेच. त्यांची स्वतःची सूचना अशी की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख माणसाला भारताचे नागरिकत्व मिळावे. समितीने ती मानली नाही. पण सत्तर वर्षांनी, नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीच्या वेळी, त्या भाषणाची पाने पुन्हा उलटली गेली.

तेव्हा संमत झाले ते तारखांचे गणित. पाकिस्तानात गेलेल्या भागातून १९ जुलै १९४८ पूर्वी आलेला आणि त्यानंतर इथे राहिलेला माणूस आपोआप नागरिक, अर्थात तो स्वतः किंवा आईबाप, आजी-आजोबांपैकी कुणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असेल तर. त्या दिवसानंतर आलेल्याने अधिकाऱ्याकडे नोंद करायची, आणि अर्ज करण्याआधी सहा महिने इथे काढलेले हवेत. मुलुंडच्या, चेंबूरच्या, शीवच्या आणि कल्याणजवळच्या छावण्यांत उतरलेल्या सिंधी कुटुंबांची परीक्षा एवढीच. त्यांना मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम. त्यांची स्वतःची सिंधी घटनेच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये आली. हे इथे का सांगायचे, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी माणसासाठी जी अर्हता ठरवली, तिच्यात आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी येणे ही अट आहे. म्हणजे छावणीतला एखादा सिंधी वृद्ध फाळणीच्या तारखेमुळे सुटला नसता आणि परदेशी म्हणून अर्ज करण्याची पाळी त्याच्यावर आली असती, तर १९६७ पर्यंत त्याची मातृभाषा चालली नसती. कोकणी १९९२ मध्ये यादीत आली. इंग्रजी यादीत नाही. तीस वर्षे पाली हिलला राहून फक्त इंग्रजीवर निभावलेल्या गोऱ्या साहेबाला कायद्याप्रमाणे भारतीय होता येत नाही, ही या अनुसूचीतली सर्वांत गमतीची गोष्ट.

बाकी अर्हता वास्तव्याची: अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे. चारित्र्य चांगले हवे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, वाङ्मय, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगतीची विशेष सेवा केली असेल तर सरकार या सगळ्या अटी माफ करू शकते. जिल्ह्याच्या पातळीवरची चौकशी जिल्हाधिकारी करतात. वाकोल्यात राहणाऱ्या परदेशी माणसाची फाइल त्यामुळे वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पोचते. मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाल्यापासून. कागदांत भाषेचे दाखले असतात, ओळखीच्या भारतीयांची प्रतिज्ञापत्रे असतात. ताजमहाल कुणी बांधला, घटनेत किती कलमे आहेत, हे विचारत नाहीत. या बाबतीत आपला कायदा ब्रिटनपेक्षा शहाणा आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण शेजाऱ्याची साक्ष आणि रोजची भाषा मागणारा हा भाग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. इथे जन्मलेल्यांची वाट वेगळी, आणि ती पुन्हा तारखांच्या चाळणीतून जाते: १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलात तर जन्म पुरे, त्यानंतर पण ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलात तर आई किंवा बाप भारतीय हवा, त्यानंतरचे असाल तर दोघे, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

तारखांचा हा खेळ वाकोल्यात सर्वांत जास्त ज्यांच्या अंगावर आला ते परदेशी नव्हतेच. महामार्गाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, विमानतळाच्या भिंतीला लागून झोपड्या झाल्या. त्यांतली माणसे रत्नागिरीची, साताऱ्याची, आझमगढची, तिरुनेलवेलीची. देशाची नागरिक, शहराची मात्र उमेदवार. १९७६ मध्ये सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली आणि फोटोपास दिले. ज्या झोपडीला फोटोपास मिळाला तिला निदान हटवताना दुसरी जागा देण्याचे आश्वासन होते. मग मुदत १९८५ पर्यंत पुढे सरकली. युती सरकारने १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना आणली तेव्हा १ जानेवारी १९९५ ही तारीख धरली. २०१४ मध्ये ती १ जानेवारी २००० झाली. त्यानंतर पैसे भरून घर घेण्यासाठी १ जानेवारी २०११. दर निवडणुकीच्या आसपास ही रेघ थोडी पुढे सरकते. वाकोल्यातल्या वस्तीत एखाद्या बाईच्या पेटीत अजून जपून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी असते आणि तीत १९९५ च्या मतदारयादीचे पान, रेशनकार्ड, विजेचे बिल. ही तिची उत्तरपत्रिका. वस्तीतला नळ कधी येतो, शाळेचा दाखला कुठून मिळतो, पावसात नाला कुठे तुंबतो, कोणाला फोन करायचा, हे तिला जेवढे ठाऊक असते तेवढे वॉर्ड ऑफिसातल्या साहेबालाही नसेल. गुण मात्र त्या पानाचे. २००१ साली आलेली तिची शेजारीण यांतले सगळे जाणत असली तरी फुकटच्या घराच्या परीक्षेत नापास.

मतदारयादीचे ते पानही निर्धोक नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या आणि दिल्लीतल्या मतदारांना मोठ्या संख्येने नोटिसा गेल्या: तुम्ही परदेशी असल्याचा संशय आहे, नागरिकत्व सिद्ध करा. तपास पोलिसांचा, आणि चालणारे कागद फक्त जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र असे, म्हणजे झोपडीत क्वचितच सापडणारे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात न्यायालयाने सांगितले की आधीच यादीत नाव असलेल्याचे नागरिकत्व गृहीत धरले पाहिजे. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आणि इतर पुरावे पाहिल्याशिवाय नाव कापता येणार नाही. पंडितांनी सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत केलेल्या युक्तिवादाच्या हे बरेच जवळ जाते.

भाषेचा प्रश्न मुंबईत विचारला गेला तो मात्र गाडीवाल्यांना. २० जानेवारी २०१० रोजी अशोक चव्हाणांच्या मंत्रिमंडळाने ठरवले की टॅक्सीचा नवा परवाना मराठी लिहिता-वाचता येणाऱ्यालाच मिळेल, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य हवे. दिल्लीपर्यंत ओरड झाली. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी खुलासा केला की स्थानिक भाषा हवी एवढेच म्हणायचे होते. हिंदी किंवा गुजराती आली तरी चालेल. चोवीस तासांत एका परीक्षेच्या तीन झाल्या.

सप्टेंबर २०१५ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी तोच विषय रिक्षांच्या बाबतीत काढला आणि माघार घेतली नाही. रिक्षा ही उपनगरांची गाडी. माहीम आणि शीवच्या पलीकडे तिला जाता येत नाही. वाकोला ब्रिजखाली, सांताक्रूझ स्टेशनबाहेर, विद्यापीठाच्या फाटकाशी तीच राज्य करते. फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकाने नव्या परवान्याला मराठीचे व्यवहारापुरते ज्ञान सक्तीचे केले. सोडतीत नंबर लागलेल्यांना आरटीओत बोलावून मराठी वाचता-बोलता येते का ते पाहिले गेले. मार्चमध्ये राज ठाकरे यांनी जाहीर भाषणात परप्रांतीयांच्या नव्या रिक्षा जाळा असे सांगितले, त्यामुळे भाषेची चाचणी बाजूला पडून वेगळेच वातावरण तापले. रिक्षाचालकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. १ मार्च २०१७ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. अनुजा प्रभुदेसाई यांच्या खंडपीठाने ही अट बेकायदा ठरवून रद्द केली.

या प्रकरणात दोन्ही बाजूंनी अस्मितेचे ढोल वाजवले आणि त्या गोंगाटात एक साधी गोष्ट ऐकू आली नाही. ‘लंडन आय’ची उंची विचारण्यापेक्षा रिक्षावाल्याला मराठी विचारणे कितीतरी पटींनी रास्त आहे. रिक्षात बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईला व्ही. एन. देसाई हॉस्पिटलला जायचे असते, ‘अहो, दत्त मंदिर रोडने घ्या, पण पुढच्या सिग्नलला वळा’ एवढे तिचे वाक्य समजले पाहिजे. लंडनचे काळे टॅक्सीवाले १८६५ पासून ‘नॉलेज’ नावाची परीक्षा देतात. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि हजारो खुणेच्या जागा त्यांना तोंडपाठ लागतात. त्यांच्या आईबापांचा देश कोणता, हे परीक्षक विचारत नाही. मुंबईत चाचणी परवान्याच्या दारात उभी केली. परवाना म्हणजे मालकीचा कागद. चालवणारा पुष्कळदा दुसराच असतो, रात्रपाळीला भाड्याने गाडी घेणारा. ज्याच्या कानावर प्रवाशाचे बोलणे पडते त्याला सोडून ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचे मराठी तपासले गेले. शिवाय जी भाषा प्रवाशाच्या सोयीसाठी हवी म्हणून सांगत होते, ती सोय टॅक्सीच्या प्रवाशाला का नको, याचे उत्तर नव्हते.

त्यातही वाकोल्याची गंमत अशी की तिथल्या कित्येक उत्तर भारतीय रिक्षावाल्यांना ती परीक्षा जड जाणार नव्हती. वीस वर्षे स्टँडवर उभे राहिल्यावर ‘सुट्टे द्या’, ‘मीटरने चला’, ‘पाणी भरलंय, तिकडनं नाही जाणार’ हे मराठी आपोआप येते. अडचण वाचण्याची, आणि न वाचता येणाऱ्यांत मराठी माणसेही असतात. परीक्षेची धास्ती घेण्यासारखे कुणी असेल तर ते गाडीत मागे बसत होते. वांद्रे-कुर्ला संकुलाकडे, कलिन्याच्या कार्यालयांकडे जाणारे, तीन वर्षे मुंबईत राहून ‘थांबा’ सोडून दुसरा मराठी शब्द न शिकलेले. त्यांना कुठल्या सरकारने भाषा विचारली नाही, वास्तव्याची तारीख विचारली नाही, आणि विचारायची ठरवली तरी कोणत्या खिडकीवर विचारणार, हाही प्रश्नच आहे.